निकाल तुम्हीच लिहायचात ना?

"हायकोर्टात जजसाहेबांचे स्टेनो होतात ना तुम्ही? मग खरं सांगा, निकाल तुम्हीच लिहायचात की नाही?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, लोकलमध्ये विचारून झालंय. परवा दाढीला बसलो होतो, तर गालावर वस्तरा ठेवून न्हाव्यानेही हेच विचारलं. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगून टाकतो. नाही. स्वल्पविरामसुद्धा मी माझ्या मनाने टाकला नाही. एकदा टाकला होता, तो साहेबांनी खोडला.

आमचे साहेब अपिलेट साइडचे. मुंबई हायकोर्टाच्या 1878 सालच्या दगडी इमारतीत दोन संसार नांदतात. ओरिजिनल साइडला मुंबईतले मोठे दावे थेट दाखल होतात. अपिलेट साइडला जिल्ह्याजिल्ह्यांतून हरून आलेली माणसं. जज व्हायला घटनेप्रमाणे हायकोर्टातली दहा वर्षांची वकिली पुरते, साहेबांची वीसच्या वर झाली होती. आधी ॲडिशनल, मग कायम. शपथ घेतली त्या दिवसापासून वकिलांच्या बाररूममधला चहा सुटला. जुने मित्र कॉरिडॉरमध्ये दिसले तर पुढे चोपदार, मागे साहेब, आणि जाता जाता मान हलवायची, तेवढंच.

जज म्हणजे दिवसभर ऐकणारा माणूस, असं लोकांना वाटतं. अपिलात ऐकण्यापेक्षा वाचणंच जास्त. साक्षीदार समोर येत नाही. उत्तर देताना तो चाचरला का, वकिलाकडे बघत होता का, हे खालच्या कोर्टाने पाहिलेलं. इथे येतो तो त्याचा जबाब, पेपरबुकात, म्हणजे खटल्याच्या कागदांच्या बांधीव गठ्ठ्यात, टाइप होऊन. साहेब ती पेपरबुकं घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे तेव्हा पानापानांतून चिठ्ठ्या डोकावत असायच्या.

एक सेकंड अपील आठवतं. सातारा जिल्ह्यातलं, सख्ख्या चुलतभावांचं, बांधावरून. अपीलवाला तालुक्याला हरला, जिल्ह्याला हरला आणि आमच्याकडे आला. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 100 हे 1976 साली बदललं. तेव्हापासून कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच सेकंड अपिलात हात घालता येतो. बांध कोणाचा, ही झाली वस्तुस्थिती. दोन कोर्टांनी एकच सांगितलं की बहुतेक वेळा तिथेच संपतं. साहेबांना मोजणीचा नकाशा पटला नसावा. मला काही बोलले नाहीत, पण त्या एका पानावर तीन चिठ्ठ्या होत्या.

भर कोर्टात ऑर्डर डिक्टेट करू लागले. 'नो सब्स्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ' इथपर्यंत आले आणि थांबले. माझी पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली. पंख्याची घरघर तेवढी. मग म्हणाले, "उद्या ठेवा."

दुसऱ्या दिवशी तीच ऑर्डर, तेच शब्द. डिसमिस्ड.

अपीलवाला मागे उभा होता, टोपी हातात घेऊन. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत, त्याला काय कळणार! बाहेर मला गाठून म्हणाला, "सायेब, काय झालं?" मी म्हटलं, वकिलांना विचारा. आम्ही सांगायचं नसतं. पण माझं तोंड वाचलं असावं त्याने. टोपी डोक्यावर चढवली, "बरं" म्हणाला आणि जिन्याकडे गेला.

दीड पानाची ऑर्डर होती ती. टाइप मी केली.

साहेब बासष्टाला रिटायर झाले. शेवटचे दोन आठवडे फार धावपळीचे गेले, कारण राखून ठेवलेला निकाल जाण्याआधी द्यावाच लागतो. राहिला तर दुसऱ्या जजपुढे सगळं पहिल्यापासून. कायम जजला पुढे त्याच हायकोर्टात किंवा त्याच्या खालच्या कोर्टात वकिली करता येत नाही. सुप्रीम कोर्ट चालतं, दुसऱ्या राज्याचं हायकोर्ट चालतं. साहेबांनी दिल्लीचा नाद केला नाही.

गेल्या दिवाळीत फराळाला गेलो होतो. पेपर वाचत बसले होते, हातात पेन्सिल होतीच. मध्येच म्हणाले, "अहो, ते साताऱ्याचे बांधवाले... त्यांनी पुन्हा मोजणी केली का हो कधी?"

मी म्हटलं, "आपल्याला कसं कळणार, साहेब?"

"हं," म्हणाले, आणि चकलीची बशी माझ्याकडे सरकवली.