आधी तुझा चेंडू, मग माझा

लहानपणी आमच्या घरात दोन चेंडू होते आणि सगळं भांडण त्यामुळेच होतं. एकच असता तर गुमान खेळलो असतो. माझा चेंडू प्लास्टिकचा, हलका, लाथ बसली की मनाला येईल तिकडे जाणारा. धाकट्या भावाचा रबराचा, जड. पोटरीवर आपटला की संध्याकाळपर्यंत लाल शिक्का. खेळणारे आम्ही दोघंच, त्यामुळे बहुमताचीही सोय नाही. एक दिवस आरडाओरडा ऐकून बाबा बाहेर आले आणि काय झालं हेही न विचारता म्हणाले, "आधी ताईचा चेंडू, मग तुझा. आणि आवाज बंद." पहिला अर्धा डाव मी जिंकले, दुसरा त्याने जिंकला. रात्री जेवताना दोघंही ठासून सांगत होतो की मॅच आपणच मारली.

पुढे पुष्कळ वर्षांनी फुटबॉलच्या पहिल्या वर्ल्ड कप फायनलची हकीकत वाचली, तेव्हा मी एकटीच खो खो हसत सुटले.

३० जुलै १९३०. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ. सेंतेनारिओ नावाचं नवंकोरं स्टेडियम, उघडून जेमतेम बारा दिवस झालेले. यजमान उरुग्वे आणि समोर शेजारचा अर्जेंटिना. पंच बेल्जियमचे जॉन लांगेनस. फोटोत पाहावं तर अंगात कोट, गळ्यात टाय आणि गुडघ्याखाली आवळलेली फुगीर विजार. वाटतं, गृहस्थ चुकून मैदानावर आले असावेत. त्यांच्यापुढे मॅच सुरू व्हायच्या आधीच पेच उभा राहिला. दोन्ही संघ आपापला चेंडू घेऊन आले होते आणि दुसऱ्याच्या चेंडूने खेळायला कोणीच तयार नव्हतं. लांगेनस यांनी जो निवाडा केला तो थेट आमच्या बाबांचा. पहिला हाफ अर्जेंटिनाच्या चेंडूने, दुसरा उरुग्वेच्या.

मध्यंतराला अर्जेंटिना २-१ पुढे होता. मग चेंडू बदलला. उरुग्वेने तीन गोल चढवले, समोरून एकही नाही, आणि मॅच ४-२ अशी खिशात घातली. शेवटचा गोल एक्तोर कास्त्रोचा. तेराव्या वर्षी विजेच्या करवतीत त्याचा उजवा हात कोपराखाली गेला होता. लोक त्याला 'एल मांको' म्हणायचे, म्हणजे थोटा. आपल्याकडेही टोपणनावं ठेवताना कोणी फारशी दयामाया दाखवत नाही, पण हे नाव त्याने बिरुदासारखं मिरवलं असावं असं मला उगाच वाटतं. बारा दिवसांपूर्वी पेरूविरुद्ध त्या स्टेडियममधला पहिलावहिला गोलही त्यानेच केला होता.

हरलेल्यांनी काय केलं? जे भाऊबंद करतात तेच. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये, उरुग्वेच्या वकिलातीवर दगड पडले. दोन्ही देशांच्या फुटबॉल संघटनांनी एकमेकींशी संबंध तोडले. सरळ मराठीत सांगायचं तर अबोला धरला. मॅच संपल्यावर पळायची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून लांगेनस यांनी आधीच बंदरात बोट तयार ठेवायला सांगितली होती, अशी गोष्ट सांगतात. विजारीवर जाऊ नये, माणूस हुशार होता.

या सामन्याच्या गोष्टी सांगताना लोक 'वैर' हा शब्द वापरतात. मला तो पटत नाही. वैराला थोडं तरी अंतर लागतं, काहीतरी वेगळेपण लागतं. इथे सगळंच सामाईक. मधे एक नदी, रिओ दे ला प्लाता. नावाचा अर्थ रुपेरी नदी, पाणी मात्र गाळाने तपकिरी. मुखाशी ही दोनशेहून अधिक किलोमीटर रुंद होते, तरी दोन्ही काठांवर बोलली जाते ती स्पॅनिश एकाच वळणाची. दोन्हीकडे लोक भोपळ्याच्या भांड्यात 'माते' नावाच्या झाडाची पानं भिजवून धातूच्या नळीने तोच कडवट काढा ओढतात. दोन्ही झेंडे निळे-पांढरे, आणि दोन्हींवर डोळे-नाक असलेला तोच सूर्य. एकाने मधोमध काढलाय, दुसऱ्याने कोपऱ्यात. उरुग्वेचं पूर्ण नाव 'उरुग्वे नदीच्या पूर्वेचं प्रजासत्ताक' अशा अर्थाचं आहे. अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या ओढाताणीतून १८२८ साली, ब्रिटिशांच्या मध्यस्थीने, हा देश वेगळा निघाला. वाटणी करताना तहसीलदार बाहेरचा असावा लागतो, तसं.

टँगो या नाच-गाण्याचं तेच. टँगो कुणाचा, यावर दोन्ही काठ शंभर वर्षं हुज्जत घालतायत. कार्लोस गार्देल हा त्यातला सर्वांत मोठा गायक. उरुग्वेवाले म्हणतात तो आमच्या ताक्वारेम्बोचा, कागदपत्रं फ्रान्समधल्या तुलूझचं नाव सांगतात, आणि ब्युनोस आयर्सला या वादाशी कर्तव्यच नाही, कारण त्यांच्या लेखी तो जिथे कुठे जन्मला असेल, वाढला त्यांच्याकडेच. १९३०च्या फायनलआधी या गार्देलने दोन्ही संघांच्या मुक्कामी जाऊन गाणी म्हटली होती. चेंडूसारखाच तोही अर्धा-अर्धा वाटून घेतला म्हणायचा.

पण मला या शेजाऱ्यांमधली सगळ्यात आवडती गोष्ट विचाराल तर ती १९२४ची. आणि ती गोष्ट चिडवण्याची आहे.

त्या वर्षी उरुग्वेने पॅरिसला ऑलिंपिक सुवर्णपदक पटकावलं. अर्जेंटिनाने तिथे फुटबॉलचा संघच पाठवला नव्हता. आता विचार करा, आपण परीक्षेलाच बसलो नाही आणि शेजारचा पोरगा पहिला येऊन पेढे वाटतोय. अर्जेंटिनाने आव्हान दिलं: या, आमच्याशी खेळून दाखवा. ब्युनोस आयर्समध्ये मॅच ठरली तर एवढी गर्दी लोटली की लोक थेट मैदानात घुसले आणि खेळ थांबवावा लागला. चार दिवसांनी, २ ऑक्टोबरला, मैदानाभोवती तारेचं कुंपण घालून मॅच पुन्हा भरवली. त्यात अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओन्सारीने कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मिळणारी किक, मारला आणि चेंडू कोणाला न शिवता वळत वळत जाळ्यात गेला. कॉर्नरवरून थेट झालेला गोल धरायचा, हा नियम त्याच वर्षी जूनमध्ये आला होता. म्हणजे जूनआधी हा गोल झाला असता तर गोलच नव्हता. अर्जेंटिना २-१ने पुढे गेला, प्रेक्षकांतून दगड यायला लागले आणि मॅच संपायच्या थोडं आधीच उरुग्वेचे खेळाडू मैदान सोडून गेले.

मग अर्जेंटिनावाल्यांनी त्या गोलचं बारसं केलं. ऑलिंपिक विजेत्यांना घातलेला गोल म्हणून 'गोल ओलिम्पिको'. म्हणजे निव्वळ टोमणा. पण टोमण्याचं आयुष्य बघा! आज शंभर वर्षांनंतरही स्पॅनिशमध्ये कॉर्नरवरून थेट झालेल्या गोलला हेच नाव आहे. मैदानाभोवतीच्या त्या तारेला ऑलिंपिक कुंपण म्हणायची पद्धत पडली. आणि जिंकल्यावर संघ मैदानाला जी फेरी मारतो, तिला 'ऑलिंपिक फेरी' म्हणतात. ती मात्र उरुग्वेच्या पॅरिसमधल्या फेरीवरून, खरीखुरी. तीन शब्द, तिन्ही एका वर्षातले, दोन चिडवण्याचे आणि एक मिरवण्याचा. भाषेत इतकी भर घालणारं दुसरं शेजारभांडण मला तरी माहीत नाही.

चार वर्षांनी तर कमालच झाली. १९२८च्या ऑलिंपिकसाठी दोघंही अटलांटिक ओलांडून अॅमस्टरडॅमला गेले, आणि फायनलला समोर कोण? शेजारी. इतक्या लांब जाऊन पुन्हा बांधावरचंच भांडण. पहिली मॅच १-१, तीन दिवसांनी पुन्हा खेळवली तेव्हा २-१, उरुग्वे.

याआधी, अगदी सुरुवातीला, चहाचे व्यापारी थॉमस लिप्टन यांनी १९०५ साली या दोघांसाठी एक चषक दिला होता. अट अशी, की खेळाडू त्या त्या देशात जन्मलेलेच हवेत. पहिली मॅच ०-०. जगात दोन राष्ट्रीय संघ एकमेकांशी सर्वाधिक वेळा खेळले असतील तर हेच. एवढं खेळूनही वर्ल्ड कपमध्ये मात्र गाठ पडली दोनदाच: १९३० आणि १९८६.

त्या १९८६नेच आमच्या घरातली वाटणी झाली. माराडोनाला पाहिलं आणि मी अर्जेंटिनाची झाले. ताई अर्जेंटिनाची म्हटल्यावर भावाने अॅटलास उघडला, अर्जेंटिनाला खेटून असलेले देश बोटाने मोजले आणि त्यातला सगळ्यात छोटा निवडला. बाकी काही कारण नाही. त्याला उरुग्वेच्या एकाही खेळाडूचं नाव माहीत नव्हतं. त्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाने उरुग्वेला १-० हरवलंय हे कळलं तेव्हा तर तो आणखी पेटला. पुढच्या वर्षी, जुलै १९८७मध्ये, कोपा अमेरिकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेची, सेमीफायनल ब्युनोस आयर्समध्ये झाली. अर्जेंटिना जगज्जेता, संघात माराडोना, दिवस त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचा. आणि उरुग्वे १-० जिंकला. गोल आंतोनिओ आल्सामेंदीचा, जो त्या काळी ब्युनोस आयर्सच्याच रिव्हर प्लेट क्लबकडून खेळायचा, आणि मॅचही रिव्हर प्लेटच्याच मैदानावर. घरचा भेदी म्हणावा तर घर नेमकं कुठलं? भावाने वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी कापून माझ्या भूगोलाच्या वहीत चिकटवली. खळीने. पानं चिकटून दोन धडे गेले.

अलीकडे आम्ही वेगवेगळ्या शहरांत राहतो आणि भांडण फोनवर चालतं. २०११ची कोपा अमेरिका, सांता फे इथली क्वार्टरफायनल. तिथल्या मैदानाला 'हत्तींची दफनभूमी' म्हणतात, बलाढ्य संघ तिथे येऊन गारद होतात म्हणून. आपल्याकडे पहाटेची वेळ. यजमान अर्जेंटिना. उरुग्वेच्या दिएगो पेरेसने पाचव्या मिनिटाला गोल केला आणि मध्यंतराआधीच दोन पिवळी कार्डं घेऊन बाहेरही गेला. म्हणजे त्याने आपला हिशेब पहिल्या हाफमध्येच चुकता केला. १-१ बरोबरी, मग पेनल्टी. अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेसची पेनल्टी उरुग्वेचा गोलकीपर मुस्लेराने अडवली तेव्हा भावाचा फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला. उचलला, तर पलीकडून नुसताच श्वास ऐकू येत होता. आनंदाने माणसाची वाचा जाते हे मी प्रथमच फोनवर ऐकलं. उरुग्वेने पुढे ती स्पर्धाही जिंकली.

त्याला खरं तर माझ्यापेक्षा जास्त काळजी असते. जेमतेम पस्तीस लाखांचा देश, जर्सीवर चार तारे. त्यातले दोन वर्ल्ड कपचे, दोन त्या ऑलिंपिकचे. मी म्हणते, ऑलिंपिकचे मोजायचे नाहीत. तो म्हणतो, तुमच्या भाषेत मोजलेत ना, 'गोल ओलिम्पिको' कोण म्हणतं मग? इथे माझी बोलती बंद होते. गोष्ट सांगितली होती मीच.

आणि मग नोव्हेंबर २०२३. अर्जेंटिना पुन्हा जगज्जेता, कतारमधल्या वर्ल्ड कपनंतर एकही मॅच न हरलेला. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीची मॅच, मैदान ब्युनोस आयर्सचं ला बोम्बोनेरा. साडेपाचला मी चहा घेऊन बसले. अर्जेंटिनाच्या मधल्या फळीत एन्सो फर्नांडिस. याचं नाव ठेवलंय एन्सो फ्रान्सेस्कोलीवरून, आणि फ्रान्सेस्कोली उरुग्वेचा. रिव्हर प्लेटला खेळून त्याने पलीकडच्या काठाला असं वेड लावलं की तिथली पोरं त्याच्या नावाची निघाली. उरुग्वेच्या बाकाजवळ मार्सेलो बिएल्सा, त्यांचे प्रशिक्षक, पक्का अर्जेंटिनाचा. अर्जेंटिनाचा मेसी आणि उरुग्वेचा लुइस सुआरेस हे दोघे तर बार्सिलोनापासूनचे जिवलग. कोण कुणाच्या बाजूने आहे हे समजायला जर्सीचा रंग बघावा लागतो, आणि तोही जवळजवळ सारखाच.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला उरुग्वेच्या रोनाल्ड अरौहोने गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये मेसीची फ्री किक बारला लागून वर गेली. मी कप खाली ठेवला. शेवटी शेवटी डार्विन नुन्येस एकटा धावत सुटला, मागे कोणी पोचेना, आणि ०-२. मैदानावर शांतता. माझ्याकडे चहावर साय.

फोन वाजेल म्हणून मी वाट पाहत होते. आला तो मेसेज.

"ताई, एक पहिल्या हाफमध्ये, एक दुसऱ्या. आता चेंडूचं काय सांगशील?"