सेट नको, सुटा द्या

नवरात्र बसलं की हार्डवेअरच्या दुकानाचं काउंटर बदलतं. एरवी तिथे खिळ्यांचे डबे, वजनकाटा आणि शेठच्या चहाचा ग्लास असतो. आता निळ्या-काळ्या प्लास्टिकच्या पेट्या रचलेल्या, सगळ्यात वरचीचं झाकण उघडं, आत अवजारांचा सेट, प्रत्येक नग आपापल्या खाचेत झोपलेला. वर चिठ्ठी: ‘108 नग, 40 टक्के सूट.’ पुण्याची बोहरी आळी घ्या, मुंबईची नागदेवी स्ट्रीट घ्या, नाहीतर तालुक्याच्या स्टँडामागचं एकुलतं एक दुकान घ्या, देखावा तोच. आणि घरात एक वाकडा स्क्रू ड्रायव्हर नि एक गंजकी पक्कड बाळगून असलेला गृहस्थ त्या पेटीकडे पोरं फटाक्यांच्या दुकानाकडे बघतात तसा बघत उभा.

मुहूर्त वाईट नाही. आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, अवजारांची पूजा असते. गॅरेजवाला पाने पाटावर मांडतो, सुतार रंधा-पटाशी, गवंडी थापी-ओळंबा. त्या दिवशी अवजाराला काम लावायचं नाही, त्यामुळे नवं काही घ्यायचं तर लोक अष्टमीपर्यंत उरकतात आणि दुकानदारही त्याच हिशेबाने माल भरतो. जाता जाता एक सांगायला हवं. ओलं हळद-कुंकू उघड्या पोलादावर रात्रभर राहिलं की खाली गंजाचे ठिपके उठतात. दसऱ्याला सकाळी सगळं कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशिनच्या तेलाचा हात फिरवावा. देवाला राग येत नाही.

आता त्या 40 टक्क्यांकडे बघू. सूट मोजली जाते छापील किमतीवरून, आणि हातअवजारांची छापील किंमत सहसा कोणी मोजतच नाही. ओळखीच्या दुकानात 20-25 टक्के तर आषाढातही सुटतात. समजा पक्कडीवर 500 रुपये छापलेत. बारमाही 20 टक्के धरले तर ती एरवीही 400 ला मिळते. सणाला 30 टक्के सूट म्हणजे 350. बोर्डावरची सूट दीडशेची, खिशात उरलेले पैसे पन्नास. त्यात आणखी एक मेख आहे. 40 टक्के काढून शेठ 300 सांगतात आणि बिल करताना ‘जीएसटी वेगळा’ म्हणून 18 टक्के वर चढवतात. झाले 354, म्हणजे सूट उरली 29 टक्के. छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात. तेव्हा पहिला प्रश्न टक्क्यांचा नको. ‘शेठ, बिलासकट हातात केवढ्याला?’ एवढंच विचारावं, आणि तो आकडा गणपतीच्या आधीच विचारून ठेवलेला असला तर उत्तम.

पेटीतले 108 नग मोजायला बसलं तर गंमत कळते. त्यातले निम्म्याहून अधिक स्क्रू ड्रायव्हरची टोकं आणि ॲलन की असतात. एका साध्या घराला टोकं लागतात चार-पाच. उरलेली पेटी बंद करताना सांडतात आणि पुन्हा त्यांच्या खाचेत बसवताना माणूस घामाघूम होतो. सॉकेटच्या, म्हणजे नटावर बसणाऱ्या वाट्यांच्या सेटमध्ये खरा जीव रॅचेटच्या, न काढता पुढेमागे हलवून नट फिरवणाऱ्या, हँडलमध्ये असतो, आणि पैसे वाचवलेले असतात ते नेमके तिथेच. आतल्या चाकाला 24 दाते असले तर प्रत्येक झटक्याला हँडल किमान 15 अंश फिरवावं लागतं. 72 दाते असले तर 5 अंशांत काम होतं. सिंकखाली किंवा स्कूटरच्या पॅनेलआड हात जेमतेम शिरतो तिथे हा फरक म्हणजे नट निघणं आणि न निघणं. दुकानात हँडल कानाशी धरून सावकाश फिरवावं, टिकटिक बारीक आणि एकसारखी यायला हवी. मध्येच एखादा दाता गिळला तर पेटी परत.

पान्यांच्या सेटची गोष्ट वेगळी. तो घ्यावा, पण समजून. दोन्ही बाजूंना तोंड असलेल्या 8 पान्यांच्या नेहमीच्या सेटमध्ये मापं मिलिमीटरमध्ये अशी येतात: 6-7, 8-9, 10-11, 12-13, 14-15, 16-17, 18-19, 20-22. सोळा मापं, आणि प्रत्येक माप एकदाच. मात्र नट सोडवताना पलीकडून बोल्टचं डोकं धरावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा त्याच मापाचं असतं. एक 13 चा पाना नटाला लागला, दुसरा 13 चा आणायचा कुठून? मग पक्कड येते, आणि पक्कडीने धरलेला बोल्ट सहाचा गोल व्हायला दोन मिनिटं पुरतात. म्हणून एक सेट अशा उघड्या तोंडाच्या, फिक्स पान्यांचा आणि एक बंद तोंडाच्या, रिंगचा, ही जोडी. रिंग पाना नटाला चारी बाजूंनी कवेत घेतो, फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो. जाम झालेला नट आधी रिंगने फोडायचा, मग फिक्सने भराभर काढायचा.

एवढे दोन सेट घ्यायची ऐपत किंवा हौस नसेल तर सुटे पाने घ्यावेत, आणि मापं कामावरून ठरवावीत. बाजारात मिळणाऱ्या साध्या बोल्टांत एम-6 ला, म्हणजे 6 मिमी जाडीच्या बोल्टला, 10 चा पाना लागतो, एम-8 ला 13, एम-10 ला 17 किंवा नव्या मापात 16. जपानी वळणाच्या दुचाक्यांवर मात्र त्याच एम-8 चं डोकं 12 चं आणि एम-10 चं 14 चं असतं. त्यामुळे गाडीसाठी 8, 10, 12, 14, 17 एवढ्यांवर बरंचसं काम भागतं. 13 चा पाना 12 च्या नटावर ‘बसतो की’ म्हणून लावणाऱ्यांमुळे गॅरेजवाल्यांची दिवाळी होते.

पक्कड पारखायला सगळ्यात सोपी, आणि तरीही लोक ती प्लास्टिकच्या सीलबंद पुठ्ठ्यात उचलून आणतात. पुठ्ठा फाडून द्यायला सांगावं. शेठ कुरकुर करतील, करू देत. 8 इंची पक्कड मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. तोंडाची टोकं एकमेकांना पूर्ण टेकली पाहिजेत आणि तार कापायच्या धारेतून उजेड दिसता कामा नये. मग दोन मुठी वेगवेगळ्या हातांत धरून आडव्या हलवा. सांध्यात खुळखुळ असली तर सहा महिन्यांत धारा एकमेकींवरून सरकायला लागतील. सांधा घट्ट असला तर बिघडत नाही, दोन थेंब तेलाने मोकळा होतो. ढिला सांधा घरी घट्ट होत नाही. शेवटी दुकानातल्याच वायरीतून तांब्याचा एकच बारीक धागा काढून तो धारेच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला असा तिन्ही जागी कापून बघा. धागा चेपून वाकला तर ठेवून द्या.

मुठीवरच्या रंगीत आवरणाबद्दल मोठा गैरसमज आहे. रबरी वाटणारं प्रत्येक आवरण विजेपासून वाचवत नाही, पुष्कळदा ते नुसतं हाताला बरं वाटावं म्हणून असतं. विजेच्या कामाची पक्कड हवी तर मुठीवर दुहेरी त्रिकोण आणि 1000 व्होल्टचा छाप शोधा. तो असला तरी मेन स्विच पाडायचाच.

नावं बघून घ्यायला हरकत नाही, पण नीट वाचून. टपारिया या अवजार कंपनीचा कारखाना नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आहे. बाकी देशाची हातअवजारं मुख्यतः जालंधर-लुधियानाकडून येतात, पक्कडी राजस्थानातल्या नागौरहूनही. यातलं काही कमी प्रतीचं नव्हे. कमी प्रतीचं असतं ते नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं. सणाच्या गर्दीत असला माल हमखास खपतो. खऱ्या अवजारावर नाव पोलादातच उठवलेलं किंवा खोदलेलं असतं, नुसतं स्टिकर असेल तर नख लावून बघा. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे शब्द तर हल्ली कशावरही छापतात. त्यापेक्षा पान्याचं तोंड बघा. आतल्या कडेला मुलाम्याची फोड किंवा पापुद्रा दिसला तर पहिल्याच जोरात तो सुटणार.

स्क्रू ड्रायव्हर घ्यायला जाताना घरातला एक स्क्रू खिशात घालून न्यावा. दुकानात ‘स्टार’ म्हणून मागितलेल्या स्क्रू ड्रायव्हरच्या दोन जाती असतात. एकीवर पीएच-2 (फिलिप्स) लिहिलेलं असतं, दुसरीवर पीझेड-2 (पोझिड्राइव्ह). लांबून दोन्ही अधिक चिन्हासारख्या. पण पीझेडच्या स्क्रूवर मुख्य खाचांच्या मध्ये चार बारीक रेघा कोरलेल्या असतात. किचन ट्रॉलीच्या आणि कपाटांच्या आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्यांना बहुधा हेच स्क्रू असतात. त्यांना पीएचचं टोक लावलं की ते वर चढतं, निसटतं आणि खाच गुळगुळीत होते. लोक स्क्रूच्या कंपनीला शिव्या देतात. दोन्ही जातींचा एकेक, शिवाय 6 मिमीचा एक चपटा, असे तीन चांगले सुटे स्क्रू ड्रायव्हर त्या टोकांच्या डबीपेक्षा जास्त दिवस साथ देतात. सेटमध्ये फुकट आलेला टेस्टर मात्र वापरू नये. तो वेगळा, चांगला घ्यावा आणि दर वेळी आधी चालू प्लगवर लावून दिवा लागतो ना ते बघावं.

टेप घेताना गिऱ्हाईक हमखास एक तक्रार करतं: ‘टोकाची पट्टी हलते, दुसरा द्या.’ ती हलायलाच हवी. ती स्वतःच्या जाडीइतकी मागेपुढे सरकते. बाहेरून अडकवून ओढलं की पुढे येते, आतून भिंतीला टेकवलं की मागे जाते, म्हणजे दोन्हीकडे माप बरोबर येतं. काही उत्साही मंडळी रिव्हेट ठोकून ती पक्की करतात आणि नंतर खिडकीचं माप दरवेळी मिलिमीटरभर का चुकतं याचा शोध घेत बसतात. टेपच्या फितीवर लंबगोलात रोमन दोनचा आकडा असला की 5 मीटरला साधारण 1.3 मिलिमीटरपर्यंत फरक चालतो असं समजावं. घरकामाला पुरे.

स्पिरिट लेव्हलची परीक्षा काउंटरवरच होते. ठेवा, बुडबुडा कुठे थांबला ते बघा, मग त्याच जागी ती उलट टोकाने फिरवून ठेवा. काउंटर वाकडं असलं तरी बुडबुडा तुमच्या बाजूने बघता दोन्ही वेळा त्याच जागी यायला हवा. काटकोन बघायच्या गुण्याचंही तसंच. पुठ्ठ्याच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. रेघा फाकल्या तर गुण्या गेला.

हॅकसॉची, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीची, फ्रेम दणकट असावी, तिच्यासोबत ‘फ्री’ मिळालेल्या ब्लेडवर भरवसा नसावा. बायमेटलचं, म्हणजे दोन धातू जोडून केलेलं, ब्लेड वाकतं, साध्या कार्बन पोलादाचं मोडतं. इंचाला 24 दात्यांचं ब्लेड घरच्या बहुतेक कामाला चालतं, जाड भरीव सळईला 18 दात्यांचं. कापायच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दाते टेकले पाहिजेत, नाहीतर पातळ पाइपात दाते अडकून तुटतात. बसवताना दाते मुठीच्या उलट दिशेला.

हातोडी लाकडी दांड्याची घ्यायची तर दांड्याचं टोक बघा. रेषा घावाच्या दिशेने गेलेल्या हव्यात. आडव्या गेल्या तर दांडा तिथेच चिरणार. पावसाळ्यात फुगलेला दांडा शिमग्यापर्यंत आटतो आणि डोकं ढिलं होतं. पाण्यात बुडवून ठेवायचा जुना उपाय दोन दिवस चालतो, मग लाकूड दबलेलं असल्याने डोकं आधीपेक्षा ढिलं होतं. पाचर बदलून जवसाचं तेल पाजावं.

खरी स्वस्ताई मात्र काउंटरवर नसते. दिवाळीच्या आवराआवरीत गोदामातून जुना माल वर येतो, खोकं फाटलेला, स्टिकर पिवळं पडलेला, पावसाच्या दमटपणाने जबड्यावर पुसट गंज चढलेला. ठोकून घडवलेल्या पोलादाला मुदत नसते. पान्यावरचा, पक्कडीवरचा, पाइप पान्यावरचा असा वरवरचा गंज तेल आणि घासणीने तासाभरात जातो. ‘शेठ, खोकं गेलेला माल आहे का?’ असं विचारलं की निम्म्या किमतीच्या गोष्टी निघतात. टेप आणि लेव्हल मात्र अशा घेऊ नयेत. टेपची गंजलेली फीत आत-बाहेर करताना आकडे खरवडते.

याच्याही पुढे जायचं तर पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी जावं, जिथे छापील किंमतच नाही. जुना व्हाइस, जुना रंधा, ओतीव नव्हे तर घडीव पाइप पाना तिथे मिळतो आणि नव्यापेक्षा सरस निघू शकतो. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं फाकलेलं असलं तर घ्या, पण वापरण्याआधी ती कड ग्राइंडरवर उतरवा. तिचे तुकडे उडून डोळ्यात जातात. जुन्या कानशी घेऊ नका. दाते बोथट झाले की त्यांच्या टोकांवर उजेड चकाकतो, आणि विकणाऱ्याने तारेच्या ब्रशने त्या कितीही लखलखीत केल्या तरी धार परत येत नाही.