कडंला टेकंना झालंय

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका काकांच्या दुकानाची वेबसाईट केली. पहिल्याच पानावर कापशी चपलांच्या रांगेचा लांबलचक फोटो. काकांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितला आणि म्हणाले, "अगं, ह्यो फोटो कडंला का टेकंना? दोन्ही अंगाला गल्ली सोडलीयास."

"काका, विड्थ, म्हणजे रुंदी, १०० टक्के दिलीय की!"

दिली होतीच. पण १०० टक्के कुणाचे? पेरेंट एलिमेंटचे, म्हणजे फोटो ज्या चौकटीत बसवलाय तिचे. इथं ती चौकट म्हणजे कंटेनर, त्याची मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) ११४० पिक्सेल आणि काकांचा स्क्रीन १३६६चा. खोली भाड्यानं घेतली की खोलीच मिळणार, अख्खा वाडा कोण देतंय?

मग मी शहाणपणा केला. फोटोला विड्थ १०० व्हीडब्ल्यू दिली (एक व्हीडब्ल्यू म्हणजे ब्राउझरच्या खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग) आणि दोन्ही बाजूंचा मार्जिन, म्हणजे बाहेरची मोकळी जागा, कॅल्कनं हिशोब करून उणे, ५० टक्के वजा ५० व्हीडब्ल्यू. माझ्या मॅकवर फोटो कडेला झक्कास भिडला. लिंक पाठवली आणि मिसळ खायला गेले. दुसरा पाव घेतेय तोवर फोन, "आता पान डुगडुगाय लागलंय बघ."

दुकानात जाऊन बघते तर खरंच. पान आडवं सरकत होतं, अगदी थोडं, आठेक पिक्सेल. व्हीडब्ल्यू मोजताना ब्राउझर उजवीकडचा उभा स्क्रोलबारही रुंदीत धरतो. काकांच्या विंडोजवर तो स्क्रोलबार १५-१७ पिक्सेल जागा खातो, म्हणून फोटो निम्म्यानं उजवीकडं बाहेर. माझ्या मॅकवर ट्रॅकपॅड असला की स्क्रोलबार पानाच्या वर तरंगतो, जागा खातच नाही. मला कुठनं दिसणार?

आता बाहेरच्या डिव्हला, म्हणजे बाहेरच्या चौकटीला, ओव्हरफ्लो-एक्स हिडन (आडवं बाहेर जाईल ते लपव) लावून टाकायचा मोह होतो. मीही लावला. लगेच आतल्या स्टिकी मेन्यूनं वरती चिकटणं सोडलं. (हिडनऐवजी क्लिप, म्हणजे नुसतं काप, दिलं तर मेन्यू चिकटून राहतो, पण दुखणं झाकलंच जातं.)

शेवटी एचटीएमएल उघडलं आणि फोटोचा सेक्शन कंटेनरच्या बाहेर काढून ठेवला. बस्स. सेक्शनसारखा ब्लॉक एलिमेंट तसाही आपणहून मिळेल तेवढी रुंदी भरतो, सेक्शनला विड्थ लिहावीच लागली नाही. फक्त आतल्या इमेजला १०० टक्के, हाईट ऑटो, आणि बॉडीला ब्राउझर मुळातच देतो तो ८ पिक्सेलचा मार्जिन शून्य. दोन तास कॅल्क करत बसले, काम दोन मिनिटांचं.

काकांनी माऊस धरून पान डावी-उजवीकडं ओढून बघितलं. हललं नाही.

"आता खालची अक्षरंबी अशीच कडंपर्यंत ने की."

तेवढं मात्र नाही केलं. ओळ एवढी लांब झाली की पुढच्या ओळीचा आरंभ डोळ्याला सापडत नाही. परिच्छेदांना मॅक्स-विड्थ ६५ सीएच (एक सीएच म्हणजे शून्य या आकड्याची रुंदी) ठेवली आणि काकांना म्हटलं, "तुमच्या चपलेचा पट्टा कुठं अख्ख्या पायभर असतो?"

काका पायाकडं बघत बसले.