माश्या वाटणारी माणसं

'काय करता सध्या?' असं कोणी विचारलं, की मी खरं ते सांगतो: 'माश्या बांधतो.' लोकांना 'माश्या मारतो' असंच ऐकू येतं आणि रिटायर्ड माणसाबद्दलची त्यांची खात्री पक्की होते.

पण मी खरंच बांधतो, मासे धरायच्या खोट्या माश्या. बारक्या गळावर दोरा गुंडाळायचा, लोकर लावायची, त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस फिरवायचं. दोरा नागपूरच्या इतवारीतून आणतो. पिसांसाठी कोपऱ्यावरचा चिकनवाला गाठला. तो आधी पोट धरून हसला, पण आता गावरान कोंबडा आला की मानेची पिसं वेगळी काढून ठेवतो. पैसे घेत नाही.

या मासेमारीत, म्हणजे फ्लाय फिशिंगमध्ये, गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. माशी खोटी आणि इतकी हलकी, की ती फेकताच येत नाही. फेकायची ती जाडसर, वजनदार दोरी. माशी नुसती तिच्यामागे जाते. दोरी मागे न्यायची, ती हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे सोडायची. सगळी मेख त्या थांबण्यात. संक्रांतीला गच्चीवर ढील देत वाढलेल्या माणसाला हे चटकन यायला हवं होतं, पण मला दोन महिने लागले. सकाळी मैदानावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करायचो. फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "घाई करून राहिले तुम्ही." त्यांनी जन्मात मासा धरला नव्हता, पण चूक बरोबर ओळखली.

हे खूळ लागलं अमेरिकेत, मावसभावाकडे. डेन्व्हरपासून तास-दीड तासावर साउथ प्लाट नदी आहे. पाणी काचेसारखं, त्यात ट्राउट दिसतात आणि आपल्याला हिंग लावून विचारत नाहीत. दोन तास आमची हीच शोभा चालली होती. वरच्या अंगाला उभा असलेला एक म्हातारा पाण्यातून चालत आला, आमची माशी पाहिली, मान हलवली आणि खिशातून डबी काढली. आत ओळीनं खोचलेल्या माश्या, काही तांदळाच्या कणीएवढ्या. विसाव्या, बाविसाव्या नंबरच्या गळावर बांधलेल्या (आकडा जितका मोठा, तितका गळ लहान). त्यानं दोन माझ्या तळहातावर ठेवल्या. एकेका माशीला त्याची दहा-पंधरा मिनिटं तरी गेली असणार. नाव विचारेपर्यंत तो पुन्हा जागेवर गेलाही होता.

भाऊ म्हणाला, इथे हे नेहमीचंच. माशी मागायचीही गरज नसते. जागा मात्र विचारू नकोस! कुठल्या वळणावर, कुठल्या खडकामागे मोठा मासा बसतो, हे ही माणसं सख्ख्या भावालाही सांगणार नाहीत. मला ओळखीचं वाटलं. आमचे सावजीवालेही मसाल्याचं गुपित मरेपर्यंत सांगत नाहीत, आणि रस्सा मात्र 'घ्या ना भाऊ' म्हणत वाढत राहतात.

या वाढण्यातून तिकडे मोठी कामंही उभी राहिली आहेत. 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' ही संस्था 1996 साली व्हरमाँटमध्ये सुरू झाली. स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या बायकांना ती नदीकाठी नेऊन हा खेळ फुकट शिकवते. दोरी फेकताना खांद्या-दंडाची जी हालचाल होते, ती शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामासारखीच. 2005 साली वॉल्टर रीड या लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांसाठी 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' सुरू झाला. ज्याचा हात गेलाय त्याला एका हातानं माशी बांधायला शिकवायची, तर शिकवणाऱ्याकडे किती सबुरी लागत असेल! मला दोन हात असून दर तिसऱ्या माशीला दोरा तुटतो.

माशाबद्दलच्या त्यांच्या दयेवर मात्र माझा पूर्ण विश्वास नाही. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकतात, हात ओले करून मासा धरतात, सोडून देतात. सगळं खरं. पण मुळात ओढलं कशाला, असं माशानं विचारलं तर काय सांगणार?

गेल्या महिन्यात रामटेककडच्या एका मामा तलावावर गेलो. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातला. तलाव ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमारांच्या सोसायटीकडे, म्हणून आधी परवानगी घेतली. पहिल्याच फेकीत माशी मागच्या बाभळीत अडकली. जाळं आवरणारा एक ढिवर दादा उठला, काटे बाजूला करत ती सोडवून आणली आणि म्हणाला, "इथं काही भेटत नाही तुम्हाले. तिकडं त्या गवताच्या कडेनं टाका, मरळ तिथं राह्यते."

मी बघतच राहिलो. ज्याची चूल मासळीवर पेटते, त्यानं जागा सांगितली होती.

मी डबी उघडून त्याच्यासमोर धरली. कितीतरी वेळ निरखून त्यानं लाल लोकरीची उचलली. तशीच लाल लोकर आणि कोंबड्याचं पीस बांधून मॅसिडोनियातले लोक मासे धरायचे, असं एलियन नावाच्या रोमन लेखकानं अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. ते मी त्याला सांगणार, तेवढ्यात त्यानं पीस बोटांनी चाचपलं.

"कोंबड्याचं व्हय?"

"हो."

"म्हणजे कोंबडा तुम्ही खायचा अन् पिसं माशाले," तो हसत म्हणाला, आणि माशी टोपीला खोचून जाळ्याकडे वळला.