मान्झामोचा स्पंज आणि मलेरियाचा दुसरा आकडा

ओकिनावाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओन्ना गावात मान्झामो नावाचा कडा आहे. हत्तीच्या सोंडेसारखा दिसतो, म्हणून पर्यटकांची तिथे फोटोसाठी झुंबड असते. मलेरियावर गुणकारी ठरू शकणाऱ्या मान्झामाइन ए या द्रव्याचं नाव याच जागेवरून पडलं. 1986 मध्ये र्युक्यू विद्यापीठाच्या तात्सुओ हिगा यांच्या गटाने इथल्या हॅलिक्लोना या समुद्री स्पंजातून हे अल्कलॉइड (नायट्रोजन असलेलं नैसर्गिक द्रव्य) वेगळं केलं. तेव्हा शोध चालला होता कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या द्रव्याचा. मलेरियावरचा गुण उंदरांत दिसला तो 2000 मध्ये: एकाच इंजेक्शनने रक्तातले 90 टक्क्यांहून जास्त परजीवी रोखले गेले आणि 40 टक्के उंदीर 60 दिवसांनंतरही ठणठणीत होते.

मलेरिया या बेटांना परका नाही. 1945 मध्ये याएयामा बेटांवरच्या लोकांना लष्कराने हिवतापाच्या जंगलपट्ट्यात हलवलं आणि तीन हजारांवर माणसं तापाने दगावली.

आता स्पंजातून असं द्रव्य काढून तपासण्याचं प्रत्यक्ष काम. स्पंज वर काढला की एक तुकडा ओळख पटवण्यासाठी अल्कोहोलात, बाकीचा लगेच उणे 20 अंशांवर. मग फ्रीझ-ड्राय करून, म्हणजे गोठलेलाच सुकवून, भुकटी. इथे घाई नडते. भुकटीत ओल राहिली, तर मेथॅनॉल पातळ होतं आणि अर्कात मीठच मीठ उतरतं. 100 ग्रॅम भुकटीला दर वेळी एक लिटर मेथॅनॉल, तीनदा, रात्रभर. अर्क आटवून एथिल अ‍ॅसिटेट आणि पाणी यांत हलवायचा, म्हणजे मीठ पाण्यात जातं. दोन थरांच्या मध्ये फेस धरला, तर फनेल पुन्हा झटकत बसू नका. थोडं मिठाचं संपृक्त पाणी घालून थांबा. पुढे अर्कातली द्रव्यं वेगळी करायला सिलिका भरलेली नळी (कॉलम), शेवटी जास्त दाबाची, बारकाईने वेगळं करणारी एचपीएलसी. द्रव्यं ठिपक्यांत वेगळी दाखवणाऱ्या टीएलसी पट्टीवर ड्रॅगेनडॉर्फ हे रसायन फवारलं की अल्कलॉइडचे ठिपके नारिंगी उमटतात. असे ठिपके देणारे भाग (फ्रॅक्शन) तेवढेच पुढे न्यायचे. आणखी एक खोड: रेणूची रचना ओळखणाऱ्या एनएमआर चाचणीत नमुना ड्युटेरोक्लोरोफॉर्ममध्ये विरघळवतात, आणि तो जुना असेल तर त्यात आम्लाचा अंश असतो. त्यात अल्कलॉइडचं मीठ बनतं, एनएमआरचे पीक सरकतात आणि नवीनच रेणू सापडल्याचा भास होतो.

तपासणी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीवर, प्रयोगशाळेत वाढवून, होते. 96 खणांची प्लेट, माणसाच्या तांबड्या पेशी 2 टक्के, त्यांतल्या साधारण 0.5 ते 1 टक्का संसर्गित. परजीवी एकाच वयाचे हवे असतील, तर आधी 5 टक्के सॉर्बिटॉलने मोठ्या अवस्था फोडून टाकायच्या. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचा, पण खणात डीएमएसओ 0.5 टक्क्यापुढे जाऊ द्यायचं नाही. 72 तासांनी सायबर ग्रीन हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग घालून चमक मोजायची: चमक कमी, तर परजीवी कमी.

फसगत होते ती इथेच. स्पंजातली साबणासारखी द्रव्यं तांबड्या पेशीच फोडतात. घर कोसळलं की भाडेकरू आपोआप मरतो, आणि आकडा मात्र झकास येतो. म्हणून निरोगी तांबड्या पेशींचा एक वेगळा खण ठेवून, त्या फुटून वरचं द्रव लालसर होतं का, ते डोळ्यांनी पाहावं. वर व्हीरो पेशींवरचा (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी) विषारीपणा वेगळा मोजावा. मान्झामाइन ए मलेरियाच्या परजीवीची वाढ सुमारे 4.5 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला अर्ध्यावर आणतं. व्हीरो पेशींना तेवढाच फटका बसायला साधारण 1.2 मायक्रोग्रॅम (1200 नॅनोग्रॅम) लागतात. म्हणजे फरक अडीचशे पटींहून जास्त. प्लेटवर उत्तम, पण उंदरांत जास्त डोस विषारी ठरला.

गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘समुद्रातून मलेरियाचं औषध सापडलं’ असा फॉरवर्ड आला की आधी हा दुसरा, विषारीपणाचा आकडा विचारा. मग पुरवठ्याचा प्रश्न. रेणू अणूंच्या पाच वलयांच्या गाठीचा, प्रयोगशाळेत बनवणं लांबलचक. आणि कडे खरवडून किती स्पंज काढणार? आशेला जागा अशी की, इंडोनेशियाच्या एका स्पंजातला मायक्रोमोनोस्पोरा नावाचा जिवाणू मान्झामाइन ए स्वतः बनवतो. तो मोठ्या टाकीत टिकाऊपणे, भरघोस उत्पन्न देत वाढवणं हेच अजून खरं अवघड काम आहे.