मेणवली, वाई, लिंब, सज्जनगड: मोडक्या झडपेच्या कॅम्परव्हॅनचा एक दिवस

धोम धरणाजवळ एका शेतघराच्या अंगणात रात्र काढली आणि सकाळी साडेसातला निघालो. डिसेंबरची थंडी होती. व्हॅन भाड्याची, पुण्यातून चार दिवसांसाठी घेतलेली. मागे पलंग, मध्ये छोटा ओटा आणि छताला हवेसाठी एक उघडझाप झडप. पोहे परतताना धूर होतो म्हणून ती मी उघडली. निघताना लावायचं काम कुणाचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

मेणवली वाईच्या अलीकडे, धोम रस्त्यावरच आहे. घाटाकडे वळलो आणि डोक्यावर कर्रकन आवाज झाला. चिंचेची फांदी. हे खाली उतरून वर बघत म्हणाले, "अगं, झडप उघडी होती?" मी म्हटलं, "अहो, गाडी कोण चालवत होतं?" झाकणाचा निम्मा तुकडा रस्त्यावर पडलेला. तुम्ही जाल तेव्हा व्हॅन गावाबाहेर मोकळ्या जागी लावा आणि पुढे चालत जा. आणि व्हॅन ताब्यात घेतानाच तिची उंची टेपने मोजा. आम्हाला साडेआठ फूट सांगितली होती, भरली नऊ फूट दोन इंच.

मन खट्टू झालं होतं, पण घाटावर उतरलो आणि विसरलो. सकाळी तिथे कपडे धुणाऱ्या दोन बायका सोडल्या तर कुणी नव्हतं. देवळाजवळची ती मोठी घंटा नीट जवळ जाऊन बघा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथल्या चर्चमधली ही घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. कृष्णाकाठी, शंकराच्या दारात, पोर्तुगीज घंटा! शेजारी नाना फडणवीसांचा वाडा आहे. आत भिंतींवरची चित्रं अजून दिसतात. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे सुटे पैसे जवळ ठेवा.

वाईत आधी हार्डवेअरचं दुकान शोधलं. दुकानदाराने ताडपत्रीचा तुकडा आणि रुंद चिकटपट्टी दिली, वर सल्लाही दिला: "ताई, आधी ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडं करा. धुळीवर पट्टी धरत नाही." ह्यांनी शिडीवर चढून भर रस्त्यात डागडुजी केली, मी खालून पट्टी फाडून देत होते. जाणारे येणारे थांबून सूचना देत होते, ते वेगळंच.

गणपती आळीत व्हॅन न्यायचा विचारही करू नका. ढोल्या गणपतीचं दर्शन सगळेच घेतात, पण देवळाला वळसा घालून मागची भिंत मात्र फार थोडे बघतात. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची बाजू माशाच्या आकाराची निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंना फुटावं, म्हणून. विश्वकोशाचं काम जिथून चाललं तेही हेच गाव. ह्यांना तिकडेही डोकवायचं होतं, पण मी घड्याळ दाखवलं.

पाचवडला हायवेला लागून आनेवाडीचा टोलनाका ओलांडला आणि लिंब फाट्याला आत वळलो. हा रस्ता अरुंद, त्यात उसाचा हंगाम. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. त्याला मागे घेता येणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्हीच शंभरेक पावलं रिव्हर्स घेतली. ट्रॅक्टरवाल्याचा पोरगा उतरून मागे उभा राहिला, "येऊ द्या, येऊ द्या, बास!" व्हॅनला मागचा कॅमेरा होता, पण खरा उपयोग त्या पोराचाच झाला.

बारा मोटेची विहीर म्हणजे दिवसाचा कळस. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवून घेतली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा. पायऱ्या उतरत जावं तसा उकाडा मागे पडतो आणि मध्येच चक्क एक महाल लागतो, विहिरीच्या पोटात! खांबांवर गणपती, हनुमान कोरलेत. महालाच्या वर गेलं की मोटांच्या जागा दिसतात. दोर घासून दगडाला पडलेल्या खाचांवर बोट फिरवलं तेव्हा बारा मोटा एकदम चालताना कसा आवाज होत असेल, असं वाटून गेलं. इथे निदान तासभर द्या. कठड्याजवळ जपून, आणि लहान मुलांचा हात सोडू नका.

व्हॅनमध्येच दहीभात खाल्ला. साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि सज्जनगडाच्या वाटेला लागलो. या वाटेवर गावाच्या टोकाला बोगदा आहे. आम्ही अलीकडे थांबून नऊ फूट दोन इंचांची चिंता करत होतो, तेवढ्यात मागून एसटी आली, हॉर्न मारला आणि सरळ आत शिरली. एसटी गेली म्हणजे आपण जातोच.

गडाचा रस्ता चढाचा, वळणांचा आहे. पाण्याची टाकी निम्मीच भरलेली ठेवा, व्हॅन हलकी राहते. पायऱ्यांपर्यंत वाहन जातं, पुढे चालत. आम्हाला चार वाजले, त्यामुळे दुपारचा महाप्रसाद हुकला. तुम्ही लिंब आटोपतं घेतलंत तर मिळेल, पण मी लिंबच निवडेन. समर्थांनी १६८२ मध्ये इथे देह ठेवला. समाधी राममंदिराच्या खाली, तळघरात आहे. दर्शन झाल्यावर परत फिरू नका, गडाच्या टोकाच्या धाब्याच्या मारुतीपर्यंत जा. तिथून उरमोडी धरणाचं पाणी संध्याकाळी तांबूस होताना दिसतं. वारा मात्र कान बधिर करतो.

मुक्काम ठोसेघर रस्त्यावरच्या एका घराच्या अंगणात, आधी फोन करून ठरवलेला. वीज मिळते, पण प्लग घराच्या ओसरीवर असतो, म्हणून लांब वायरीचं भेंडोळं सोबत हवंच. रात्री अकराला वारा वाढला आणि ताडपत्री फडफडू लागली. हे टॉर्च घेऊन उठले. पट्टी संपलेली. आतून काहीतरी घट्ट बसवायला हवं होतं, आणि बरोबर मापाचं एकच सापडलं: पेढ्यांचा पुठ्ठ्याचा डबा. तो रिकामा करणं भाग होतं. अर्धा किलो होते.