मॅकल्सफिल्डचा कारकून

कॉलेजात असताना माझ्या धाकट्या भावाकडे एक काळा टी-शर्ट होता. छातीवर नुसत्या पांढऱ्या रेघा, डोंगररांगांसारख्या. आई म्हणायची, "पाऊस आलाय, याचा तो ईसीजी आत घ्या रे कुणीतरी." मँचेस्टरला राहायला आले तर तोच टी-शर्ट प्रत्येक ट्राममध्ये. इथे कळलं की ते डोंगर म्हणजे १९६७ साली जोसलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, म्हणजे एका ताऱ्याचे ठोके आहेत, आणि १९७९ साली ते जॉय डिव्हिजन नावाच्या इथल्याच बँडच्या पहिल्या अल्बमवर छापले गेले. आई आमच्यापेक्षा बरीच जवळ पोचली होती म्हणायची!

ऑफिसात हे सांगितलं, तर एक सहकारी म्हणाला, "कंट्रोल बघ. पण रात्री एकटी बघू नकोस." मी अर्थातच रात्री एकटीने बघितला.

या बँडचा गायक इयन कर्टिस याच्यावरचा हा २००७ चा चित्रपट. दिग्दर्शक अँटन कोर्बाइन हा मूळचा डच छायाचित्रकार. १९७९ साली तो इंग्लंडला आला त्याचं एक कारण हा बँडच होता, आणि त्यांचे तेव्हाचे गाजलेले फोटो त्यानेच काढलेत. सिनेमा कृष्णधवल आहे. आधी मला ही जरा स्टाइल वाटली. इथला एक नोव्हेंबर काढल्यावर तक्रार मागे घेतली.

गायकावरचा सिनेमा म्हटलं की दारू, पैसा, घसरण असं गणित डोक्यात असतं. इथे नायक सकाळी कामावर जातो. इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि कोटाच्या पाठीवर रंगाने लिहिलेलं 'हेट'. कॅमेरा त्याच्या मागे मागे चालतो, आणि आपल्याला वाटतं हा आता काहीतरी भयंकर करणार. तो जातो रोजगार कार्यालयात आणि टेबलामागे बसतो. अपंगांना नोकरी मिळवून द्यायला मदत करणं हे त्याचं काम. तिथे अपस्माराचा त्रास असलेली एक मुलगी यायची. ती यायची बंद झाली, आणि मग तिच्या मृत्यूची बातमी आली. त्यावर त्याने गाणं लिहिलं. डिसेंबर १९७८ मध्ये लंडनचा कार्यक्रम करून परतताना गाडीत त्याला स्वतःलाच मोठी फिट आली. पुढच्याच महिन्यात निदान झालं: अपस्मार. या आजाराच्या माणसाचं नोकरीत, समाजात काय होतं, हे त्याला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. त्या फायली त्याच्याच टेबलावर होत्या.

मी इथे सिनेमा थांबवला आणि चहा करून घेतला. लहानपणी आमच्या चौकात कुणाला फिट आली की लोक कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला धावायचे. इथे कुणी कांदा आणत नाही, पण त्याच्या वाट्याला काय आलं? जागरणं, प्रवास, डोळ्यांवर उघडमीट करणारे दिवे, आणि त्या काळातली औषधं, जी मन आणखी बुडवायची. रंगमंचावरचं त्याचं हात झटकत नाचणं फिटसारखंच दिसायचं. त्यामुळे खरी फिट आली तरी लोक टाळ्या वाजवत राहायचे. त्याची भूमिका करणाऱ्या सॅम रायलीने हे असं केलंय की आपणही क्षणभर फसतो. (गाणीही त्या नटांनी स्वतःच वाजवलीत.)

१८ मे १९८० ला, पहिल्या अमेरिका दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, त्याने घरीच जीव दिला. वय २३. मुलगी एक वर्षाची.

माझी तक्रार एकच. सिनेमा बायकोच्या, डेबोरा कर्टिस यांच्या आठवणींवर बेतलेला आहे, पण कॅमेरा प्रेमात आहे तो त्याच्या. डेबोरा झालेली सामंथा मॉर्टन दोऱ्यावर कपडे वाळत घालते, पोर सांभाळते, नवऱ्याच्या दुसऱ्या बाईचा शोध लावते, आणि प्रत्येक वेळी सिनेमा तिला सोडून त्याच्या सुंदर, दुःखी चेहऱ्याकडे वळतो. मी मात्र तिच्याकडेच बघत होते.

मागच्या रविवारी त्याच्या गावाला, मॅकल्सफिल्डला, जाऊन आले. मँचेस्टरहून रेल्वेने जेमतेम अर्धा तास. एकेकाळचं रेशमाचं गाव, जुन्या गिरण्या अजून उभ्या आहेत. बार्टन स्ट्रीटवर ते घर आहे, इतरांसारखंच, रस्त्याला चिकटलेलं. आत राहणाऱ्यांना काय वाटत असेल म्हणून थांबले नाही.

दफनभूमीत स्मारकाची शिळा म्हणजे जमिनीलगतचा छोटा दगड. नाव, तारीख, आणि त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्याचं शीर्षक: प्रेमच आपल्याला फाडून वेगळं करेल, अशा अर्थाचं. मोडत चाललेल्या संसाराच्या दिवसांतलं गाणं, आणि दगडावर ते कोरून घेतलं बायकोने. मूळ दगड २००८ मध्ये चोरीला गेला, हा नंतर बसवलेला.

तो मला सापडत नव्हता. कुत्रा फिरवणारे एक आजोबा समोरून आले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी डावीकडे हात केला आणि न थांबता पुढे गेले.